खेळ कोणी रचला?



आंबोलीच्या या थंड हवेत मी लढाईविषयी बोलणार आहे. पण ती संगणकावरच्या खेळातली. अमेरिकेतील अटारी कंपनीचा नोकर ख्रिस क्रॉफर्ड याने फावल्या वेळात ‘ईस्टर्न फ्रंट’ हा खेळ रचला. विषय, १९४१ साली हिटलरने रशियावर केलेली स्वारी. १९८१ साली तो कंपनीच्या मुख्य मालात नव्हे, तर हौशी लोकांच्या कामासाठी काढलेल्या टपाली यादीतून विक्रीस आला. पडद्यावर सरकणारा नकाशा पाहून समीक्षकांनी वाहवा केली आणि ६०,००० हून अधिक प्रती खपल्या!

मी कामगारांत वावरलेला माणूस. मला यात निराळेच दिसते. १९७९ साली याच कंपनीतले चार कसबी लोक, मालावर नाव नाही आणि खपात वाटा नाही, म्हणून बाहेर पडले. त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ उभी केली. त्या टपाली यादीत मात्र रचणाऱ्याचे नाव छापत आणि खपावर त्याला पैसेही देत.

सावंतवाडी इथून जवळच. तिथली गंजिफा आपण कौतुकाने हाती घेतो. ती रंगवणाऱ्याचे नाव विचारतो काय? माल किती खपला हे दुकानदार सांगेलच. तो कोणी केला, हे विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या, एवढीच माझी विनंती.