बर्फावरचे खेळाडू आणि तापणारें जग

आपल्यापैकीं बहुतेकांनीं बर्फ पाहिलेलें असतें तें सरबताच्या पेल्यांत. तेव्हां हिमावरून घसरणाऱ्या खेळाडूंची चिंता मीं आज आपणांस सांगावी, याचें श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु शेतकऱ्याचें लक्ष जसें ढगांकडे, तसें या मंडळींचें हिमाकडे. हवा बदलत असल्याचें त्यांना फार लवकर कळलें.

जेरेमी जोन्स हा अमेरिकेंतील नामांकित स्नोबोर्डपटू. एका फळीवर दोन्ही पाय बांधून उभ्या उतारांवरून खालीं यावयाचें, असा त्याचा खेळ. माथ्यावर नेऊन सोडण्यास हेलिकॉप्टर असे. डोंगरांवरचें हिम वर्षागणिक मागें हटत असलेलें त्यानें पाहिलें, आणि २००७ सालीं ‘प्रोटेक्ट अवर विंटर्स’, म्हणजे ‘आमचा हिवाळा राखा’, या नांवाची संस्था काढली.

संस्था काढणें एक वेळ सोपें. इंधन जाळून शिखरावर जाणाऱ्यानें इतरांना इंधनाविषयीं काय सांगावें, हा प्रश्न अवघड होता. जोन्सनें हेलिकॉप्टर आणि बर्फावर धांवणारी मोटार, दोन्ही सोडलीं. ‘डीपर’ (२०१०), ‘फर्दर’ (२०१२) व ‘हायर’ (२०१४) हे त्याचे तीन चित्रपट पायीं चढून काढलेले आहेत. पाठीवर फळी नि तंबू घ्यावा, रात्र बर्फांत काढावी, अंधारांत निघून तासन्‌तास चढावें, आणि उतार मात्र कांहीं मिनिटांत संपावा! ज्याचा धंदाच उतरण्याचा, त्यानें दिवसाकाठीं एकदां उतरण्यावर समाधान मानणें हा लहान त्याग नव्हे. पंढरीला मोटारीनें जाणारा आणि पायीं जाणारा, दोघांनाहि विठोबा भेटतो. पण वाटेंत काय भेटतें, तें पायीं जाणाऱ्यालाच ठाऊक.

यावर एक आक्षेप निघतो, नि तो अगदींच पोकळ नाहीं. ‘हायर’साठीं हा गृहस्थ नेपाळांत आला, तो कांहीं अमेरिकेहून चालत आला नाहीं! मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, पण जोन्सला ढोंगी ठरविण्यासाठीं नव्हे. एकट्या माणसाचें व्रत कोठें येऊन थांबतें, तें त्यावरून कळतें. शर्यती कोठें नि केव्हां भरवावयाच्या, हें तर खेळाडूच्या हातीं मुळींच नसतें.

म्हणूनच २०२३ च्या फेब्रुवारींत ज्यूलियन श्यूटर या तरुण ऑस्ट्रियन स्कीपटूच्या पुढाकारानें आंतरराष्ट्रीय स्की संघटनेस एक जाहीर पत्र गेलें. मिकेला शिफ्रिन, अलेक्झांडर किल्डे यांसारख्या अग्रगण्यांसह शंभरावर खेळाडूंनीं त्यावर सह्या केल्या. मोसम ऑक्टोबरअखेरीऐवजीं नोव्हेंबरअखेरीस सुरू करून एप्रिलपर्यंत चालवावा, आणि शर्यतींची आखणी प्रवास कमी होईल अशी करावी, असें त्यांचें मागणें होतें. पाठीशीं ताजा अनुभव होता. आदल्याच शरदांत स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरील त्सेरमाटच्या नव्या शर्यती बर्फाअभावीं रद्द झाल्या होत्या. पुढें २०२३ सरतां सरतां हिशेब लागला, तो असा कीं, दोन वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांतील सुमारें १० टक्के हिम नाहींसें झालें होतें.

कृत्रिम बर्फ करतां येत नाहीं काय, असें कोणी विचारील. येतें. थंड हवेंत पाण्याचे तुषार उडवून तें करतात. २०२२ चें बीजिंगचें हिवाळी ऑलिंपिक जवळजवळ सर्वस्वीं अशाच बर्फावर पार पडलें. पण त्याला पाणी लागतें, वीज लागते, आणि मुळांत थंडी लागते. थंडीच पडली नाहीं, तर यंत्र बिचारें काय करणार? बीजिंगच्या त्या बर्फावर आपल्या देशाचा एकच खेळाडू उतरला होता, गुलमर्गचा आरिफ खान. त्याच गुलमर्गांत २०२५ च्या फेब्रुवारींत बर्फ नाहीं म्हणून ‘खेलो इंडिया’चे हिवाळी सामने पुढें ढकलावे लागले, ते मार्चांत झाले.

आणि त्या पत्राचें काय झालें? २०२५ चा मोसमहि ऑस्ट्रियांतील झोल्डनच्या हिमनदीवर ऑक्टोबरांतच सुरू झाला. शिफ्रिन त्या शर्यतींत उतरली होती. न उतरावें, तर वर्षाचे गुण हातचे जातात. उतरावें, तर मग सही कशाला केली, असें लोक विचारतात.