पावसाने वजा केलेले दिवस



शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात मोहन नगरमधील मुलामुलींसाठी फुटबॉलचा हंगाम भरवण्याचे आपण ठरवले, तेव्हा काही पालकांनी एक रास्त प्रश्न विचारला : हे सारे पावसाळ्यातच कशासाठी? कोल्हापुरात पेठापेठांचे आणि तालमींचे संघ पावसाळा सरल्यावर शाहू स्टेडियमवर उतरतात. आपणही तसेच का करू नये? सूचना शहाणपणाची आहे. परंतु शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि १९६० पासून चालत आलेल्या सुब्रोतो चषकासारख्या शालेय स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्या बहुधा पावसाळ्यातच येतात. हिवाळ्याची वाट पाहत बसलेली मुले तेथे सरावाविनाच जातील. शिवाय या खेळाचे पावसाशी आपल्या देशात जुने नाते आहे. कोलकात्याचा हंगाम पावसाच्या महिन्यांतच रंगतो. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्या संघातील एक सोडून सारे खेळाडू अनवाणी होते.

तरीही पाऊस सर्वांना सारखा नसतो. १९७४ च्या विश्वचषकात फ्रँकफर्टला पश्चिम जर्मनी आणि पोलंड यांच्या सामन्याआधी मैदान जलमय झाले. अग्निशामक दलाने पाणी उपसले, सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला. पोलंडची ताकद होती कडेने वेगाने धावणाऱ्या खेळाडूंत; साचलेल्या पाण्यात चेंडू अडकत राहिला आणि तो वेग वाया गेला. जर्मनी १-० ने जिंकली. ओले मैदान नकळत कोणाची तरी बाजू घेते, हे आयोजकांनी विसरू नये.

आपल्या छत्तीसगढमधील शेतकरी जमिनीला नावानिशी ओळखतो : कन्हार, मटासी, डोरसा, भाटा. काळी कन्हार पाणी धरून ठेवते. मुरमाड भाटा ते लवकर सोडते. म्हणून पाऊस थांबला म्हणजे मैदान तयार झाले, असे नव्हे. टाच दाबल्यावर खड्ड्यात पाणी भरत असेल, वरून सोडलेला चेंडू उसळतच नसेल, तर त्या दिवशी खेळ नाही. मऊ मातीत एक सामना रेटला, तर गवत उखडून पुढचे अनेक सामने बुडतात. मुलांनी हिरमुसू नये. हरेलीला गेडीवर चढून चिखल तुडवण्याची हौस आपल्याकडे आहेच.

विजेच्या बाबतीत मात्र हौसेला जागा नाही. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबेल. सर्वांनी झाडाखाली नव्हे, तर इमारतीत यायचे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे कोणीही मैदानावर जाणार नाही. मग अंतिम सामन्याची शेवटची दोन मिनिटे का उरलेली असेनात.

आता मुख्य गोष्ट. पाऊस हंगामातील काही दिवस वजा करणारच. प्रश्न असा की, ते दिवस कोणाच्या वाट्यातून वजा करायचे? अनुभव सांगतो की, वेळ अपुरा पडला की आधी लहान मुलांचे सामने गळतात, मग मुलींचे. मोठ्या मुलांचा अंतिम सामना तेवढा हमखास होतो. अशाच एका स्पर्धेहून परतलेल्या सातवीतल्या मुलीने मला विचारले होते, “बाई, आमचा सामना पावसाने नेला की मोठ्या मुलांनी?” या प्रश्नाचे उत्तर वेळापत्रकातच द्यावे लागते.

म्हणून पहिला सामना होण्यापूर्वीच नियम लिहून लावले जातील. दर आठवड्यात एक राखीव दिवस राहील. बुडालेल्या सामन्याचा त्या दिवसावर पहिला हक्क असेल, मग तो कोणत्याही गटाचा असो. हंगाम आखडावा लागला, तर प्रत्येक गटाचे सामने सारख्याच प्रमाणात कमी होतील. अर्धवट थांबलेला सामना पुन्हा खेळायचा की गुण वाटून द्यायचे, हेही आधीच ठरेल. पुढे असलेल्या संघाने तेव्हा आभाळाकडे पाहून ठरवायचे नाही.

सामना होणार की नाही, हा निर्णय दुपारी तीन वाजता एकच व्यक्ती घेईल आणि लगेच सर्वांना कळवील. म्हणजे लांबून येणारे मूल भिजत येऊन परत जाणार नाही. त्यानंतर मैदानावर पंचांचा शब्द अखेरचा.

या कामी मला आपले हात हवे आहेत. पोलाद कारखान्यातून सकाळची पाळी करून दुपारी परतणाऱ्या पालकांनी आणि जवळ राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आळीपाळीने मैदान पाहण्याची जबाबदारी घ्यावी. चर मोकळे ठेवायला फावडी लागतील, चिखलाळलेल्या मुलांसाठी कोरडे टॉवेल लागतील. नावनोंदणीची वही कार्यालयात ठेवली आहे.

चषक कोणाला मिळाला, हे काही वर्षांनी फारसे कोणाच्या लक्षात राहणार नाही. आपल्या वाट्याचा सामना आपल्याला मिळाला होता की नाही, हे मात्र प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या लक्षात राहील.