स्वागताचा तारपा बंद करा



मघाशी स्वागताध्यक्षांनी माझी ओळख ‘मवाळ स्वभावाचे निवृत्त इतिहास शिक्षक’ अशी करून दिली. ती त्यांची सोय असेल, माझी नाही. संमेलनाचं अध्यक्षपद एकदाच मिळतं आणि माईकही एकदाच. गोड बोलून निरोप घ्यायला मी अंबाडीला आलेलो नाही.

तुम्ही मला नाक्यापासून मांडवापर्यंत आपलं फुंकवाद्य, तारपा, वाजवत आणलंत. वाजवणारा उस्ताद माणूस. नाचणाऱ्या पोरी अकरावी-बारावीच्या. त्यातल्या एकीला मी विचारलं, बाय, तलवाड्याला काय झालं ठाऊक आहे का? तिनं नुसती मान हलवली. तिचा काय दोष? तिच्या बारावीच्या इतिहासाचं पहिलं प्रकरण युरोपातलं प्रबोधन. असू दे, माझी ना नाही. पण 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जेठ्या गांगडसह पाच जण पडले, हे तिला कोणी सांगायचं? त्याच वर्षी जानेवारीत इथून जवळच, टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं होतं. मे महिन्यात झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले. लग्नाला काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही सावकाराच्या दारी जन्मभर राबायची, त्यांना लग्नगडी म्हणत. ती प्रथा ज्यांनी मोडली त्यांची नातवंडं आज माझ्यापुढे नाचली, आणि त्यांना त्यातलं काही माहीत नाही.

वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर बांधलं, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. 1739 हे सालसुद्धा सांगेल. सांगावंच. पण इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगऱ्यांना 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं, हे त्याच पोराला विचारा. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात 1930 साली गोळी खाऊन पडलेला नाग्या कातकरी विचारा. मुंबई सरकारनं 1937 साली सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आदिवासी भागाच्या पाहणीला धाडलं होतं. 1939 च्या त्याच्या अहवालात आपल्या ठाणे जिल्ह्यातली वेठ आहे. परक्या साहेबाला जे दिसलं, ते आपल्या शिक्षण मंडळाला अजून दिसायचंय.

माझं दुखणं जुनं आहे, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तरी आज पुन्हा ऐकावं लागेल. अकरावी-बारावीला ‘आदिवासी इतिहास आणि संस्कृती’ असा स्वतंत्र ऐच्छिक विषय हवा, म्हणून आराखडा घेऊन मी एका समितीपुढे गेलो होतो. नाव घेत नाही, समितीचंही नाही. एका सभासदांनी चष्मा वर सरकवला, पानं चाळली आणि म्हणाले, “पण सर, हे सगळं स्नेहसंमेलनात येतंच की!” माझी झोप उडाली ती तेव्हापासून. आपला सबंध इतिहास त्या गृहस्थांनी एका नाचाच्या आयटममध्ये बसवला. म्हणून म्हणतो, आपली सगळी दैना या स्वागताच्या तारप्यापासून सुरू होते. हसू नका. मंत्री आला, तारपा. सीईओ साहेब आले, तारपा. दुकानाचं उद्घाटन, तारपा. पाहुण्याला वाटतं, आदिवासी पाहून झाला, आता जेवू. मग पुस्तकात पान कशाला हवं?

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स नावाचं राज्य आहे. तिथेही बारावीच्या परीक्षेला एचएससीच म्हणतात. त्या एचएससीला ‘ॲबोरिजिनल स्टडीज’ हा विषय घेता येतो. मुलांनी स्थानिक मूलनिवासी समाजात जायचं, त्यांच्याशी बोलून अभ्यास करायचा, स्वतःचा प्रकल्प उभा करायचा आणि त्याला गुण. त्या देशानं मूलनिवासींवर काय कमी अत्याचार केले? तरी निदान त्यांचा अभ्यास परीक्षेत बसवला. आपल्याकडे 2024 साली शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला, भारतीय ज्ञानप्रणालीचा गजर झाला. त्या ज्ञानात झाडपाल्याचं औषध देणारा आमचा भगत कुठे बसतो ते मला कोणी दाखवावं.

माझी आजी धवलेरी होती, गाण्यांनी लग्नाचे विधी लावणारी. लग्नघरी सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढायच्या. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, तोच कुंचला. चौकात पालघट देवी उतरेपर्यंत आजीचं गाणं थांबायचं नाही. कोणत्या विधीला कोणतं गाणं, हे तिला कधी आठवावं लागलं नाही. रात्र सरायची, घसा बसायचा, मधे एखादा घोट घ्यायची आणि पुन्हा सुरू. तिला अक्षर येत नव्हतं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंना 2011 साली पद्मश्री मिळाली, आनंद झाला, हक्काचीच होती. पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या बायकांची नावं कोणी लिहून ठेवली? शाळेत मी सणावरच्या निबंधात आपल्या वाघदेवाची वाघबारस लिहिली होती. गुरुजींनी लाल रेघ मारली आणि दिवाळीवर लिहून आण म्हणाले. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आता आपल्यातल्याच काही थोरांबद्दल. त्यांचं म्हणणं, या विषयानं नोकरी लागेल का? युरोपच्या प्रबोधनानं कोणाला लागली? हेच लोक दाखला काढताना आदिवासी, भाषण करताना आदिवासी आणि मुलांना विषय निवडायची वेळ आली की एकदम व्यवहारी! समोरच्या रांगेत असं म्हणणारे संघटनेचे मित्रही बसलेत. वेठबिगार सोडवताना त्यांनी मार खाल्ला, त्यांच्याशी माझं भांडण घरात होईल, मांडवात नाही. आदिवासींचे अभ्यासक डॉ. गोविंद गारेंनी आयुष्यभर लिहून ठेवलंय, सामग्री नाही ही सबब चालणार नाही. कवी वाहरू सोनवणे 1990 साली पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. लिहिलेलं तेवढंच साहित्य नव्हे, हे त्यांनी तेव्हाच ठणकावलं. आपण टाळ्या वाजवून घरी गेलो.

आणि कातकरी? दिवाळी झाली की बयाणा घेतलेलं सबंध कुटुंब वीटभट्टीवर, पावसाला परत. त्यांची पोरं अकरावीच्या बाकापर्यंत पोचतच नाहीत. भट्टीवर शिक्षक पाठवा, ही मागणी विषयाच्या आधीची आहे. ठरावात ती पहिली घाला.

दुसरा ठराव असा. विषय मंजूर होईपर्यंत ठाणे-पालघरमधल्या एकाही पाहुण्याच्या स्वागताला तारपा वाजणार नाही. भात घरात आलं की वाजवा. धान्याच्या देवीसाठी, कणसरीसाठी वाजवा. रात्रभर वाजवा, मीही नाचेन. पुढाऱ्याच्या गाडीपुढे नाही, आणि पुढच्या अध्यक्षापुढेही नाही.

मंडळाला द्यायच्या अर्जाचा मसुदा दाराशी टेबलावर ठेवलाय. कनिष्ठ महाविद्यालयांचे जे शिक्षक इथे आहेत, त्यांनी त्यावर सही करावी, मगच पंगतीला बसावं. वाढप्यांना मी तसं सांगून ठेवलंय.