आधीं शेत, मग पाहुणा

इटलीला जाणारा प्रवासी बहुधा रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस हीं तीन शहरें पाहून परततो. देवालयें, चित्रें, पुतळे आणि पडक्या कमानी पाहतां पाहतां त्याचे डोळे भरून जातात आणि पाय दुखूं लागतात. परंतु फ्लॉरेन्सहून सिएनाच्या बाजूला जातांना मोटार डांबरी सडक सोडून पांढऱ्या खडीच्या वाटेला लागते, दोहों बाजूंस सरूचीं उंच झाडें दिसूं लागतात, आणि टेकडीच्या माथ्यावर एखादें दगडी घर एकटेंच उभें असलेलें दिसतें, तेव्हां त्याच देशाचें एक निराळें अंग त्याच्यापुढें उघडतें. या घरांत भाड्यानें खोली मिळते, जेवणहि मिळतें. तरी तें घर खाणावळ नव्हे आणि धर्मशाळाहि नव्हे. तें एका शेतकऱ्याचें राहतें घर असतें. तेथें पोंचणाऱ्याला पहिला अनुभव बहुधा असा येतो कीं, स्वागताला दारांत कोणीच नसतें. यजमान खालच्या द्राक्षमळ्यांत असतो, यजमानीण कोंबड्यांच्या खुराड्यापाशीं असते, आणि कुत्रा तेवढा भुंकून पाहुणा आल्याची वर्दी देतो.

या प्रकाराला इटलींत ‘आग्रीतुरिझ्मो’ म्हणतात. शेती आणि प्रवास या अर्थाच्या दोन शब्दांचा हा जोड आहे, आणि त्यांत शेती आधीं येते ती उगीच नव्हे. १९६५ सालीं तेथील शेतमालकांच्या महासंघानें अशा पाहुणचारासाठीं ‘आग्रीतुरिस्त’ नांवाची संस्था काढली. या रीतीला कायद्याची चौकट मिळाली ती ५ डिसेंबर १९८५ रोजीं. पुढें २० फेब्रुवारी २००६ रोजीं त्या कायद्याच्या जागीं नवा आला. मूळ तत्त्व मात्र तेंच राहिलें. पाहुणे ठेवण्याचा हक्क शेती करणाऱ्यालाच आहे, आणि त्यालाहि आपलें शेतीचें काम पाहुणचाराच्या कामाहून अधिक आहे हें दाखवावें लागतें. याचें माप मुख्यतः श्रमाच्या वेळानें घेतात. एक हेक्टर ऑलिव्हला वर्षांतून किती दिवस लागतात, द्राक्षांना किती, गाईला किती, याचीं कोष्टकें प्रांतोप्रांतीं ठरलेलीं आहेत. दहा पाहुण्यांपर्यंतच्या लहान घराला हा हिशेब माफ आहे. ताटांत पडणारें अन्नहि बरेंचसें स्वतःच्या शेतांतलें, आणि उरलेलें मुख्यतः त्याच मुलखांतलें असावें लागतें. अतिथीला देव मानण्याच्या संस्कारांत वाढलेल्या मराठी मनुष्याला, अतिथीचा क्रम कायद्यानेंच दुसरा लावलेला पाहून मौज वाटेल.

असा उलटा कायदा कां करावा लागला हें समजण्यासाठीं त्या दगडी घराकडेच नीट पाहावें. घराच्या बाहेरून एक दगडी जिना वर जातो. पूर्वीं खालच्या मजल्यावर बैल बांधलेले असत आणि वर माणसें राहत. हिवाळ्यांत गोठ्याची ऊब वर चढे. मध्यें मोठ्या चुलीचें स्वयंपाकघर, आणि पुष्कळ घरांच्या माथ्यावर कबुतरखान्याची बुटकी माडी. आज पाहुणा ज्या खोलींत निजतो ती कित्येकदां त्या गोठ्यांतच काढलेली असते.

हें घर त्यांत राहणाऱ्या कुटुंबाचें नव्हतें. तस्कनी, उंब्रिया आणि मार्के या मध्य इटलीच्या प्रांतांत कित्येक शतकें जमीन अर्ध्या वाट्यानें कसली जात असे. या पद्धतीला ‘मेत्साद्रिया’ म्हणत. जमीन आणि घर मालकाचें, राबणूक कुळाची, आणि पीक निम्में निम्में. करार एका माणसाशीं होत नसे, सबंध कुटुंबाशीं होई. घरांतला कर्ता पुरुष शेत पाही, कर्ती बाई चूल, कोंबड्या आणि परसू सांभाळी. आणि राबणाऱ्या हातांची संख्या बदलूं नये म्हणून मुलांमुलींच्या लग्नालाहि कित्येक ठिकाणीं मालकाची संमति लागे. शेत मात्र पाहण्यासारखें असे. एकाच तुकड्यांत मेपलच्या झाडांवर द्राक्षाचे वेल चढविलेले, त्यांच्या ओळींमध्यें गहू, आणि कडेनें ऑलिव्ह. ज्या देखाव्याला आजचा प्रवासी भुलतो, तो चित्रकारानें रचलेला नव्हे. निम्म्या वाट्यावर पोट भरणाऱ्या कुटुंबांनीं एका तुकड्यांतून सगळेंच काढण्याच्या गरजेनें तो रचला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीं कुटुंबें घरें सोडून चाललीं. १९५१ सालीं इटलींतील शंभर कामकऱ्यांपैकीं चाळिसांहून अधिक शेतीवर होते. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत तरुण पिढी प्रातो, मिलान आणि तूरिन येथील कारखान्यांत गेली. १५ सप्टेंबर १९६४ च्या कायद्यानें अर्ध्या वाट्याचे नवे करार बंद केले, आणि १९८२ सालीं उरलेल्यांचें खंडांत रूपांतर करण्याची वाट मोकळी झाली. न्याय उशिरां आला. तोंवर पुष्कळ घरांचीं छपरें बसलीं होतीं आणि बांधांवर कांटेरी जाळ्या माजल्या होत्या. त्यांतच १९८५ च्या जानेवारींत असें हिम पडलें कीं तस्कनींतील ऑलिव्हचीं लाखों झाडें जळालीं. तीं जमिनीलगत कापावीं लागलीं. त्यांच्या बुंध्यांतून पुढें जे धुमारे फुटले तींच आजचीं झाडें. म्हणून तेथें एका जुन्या खुंटाभोंवतीं तीन-चार सडपातळ खोडें उभीं असलेलीं दिसतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पाहुणचाराचा कायदा व्हावा हा योगायोग खरा. पण रिकामें घर आणि जळालेलें शेत हातीं असलेल्या मनुष्याला दोन खोल्यांच्या भाड्याचा आधार किती मोलाचा वाटला असेल याची कल्पना करतां येते.

अशा घरांतलीं बरींच घरें आज सेंद्रिय शेती करतात. इटलींत लागवडीखालील जमिनीचा सुमारें पांचवा हिस्सा या पद्धतीखालीं आला आहे. युरोपीय संघानें याविषयींचे पहिले नियम १९९१ सालीं केले; सध्यांचे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. कृत्रिम नत्रखतें आणि कारखान्यांत बनलेलीं कीटकनाशकें वर्ज्य. परंतु संकल्प सोडला त्या दिवसापासून माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकतां येत नाहीं. गव्हासारख्या पिकांना पेरणीपूर्वीं दोन वर्षें, आणि ऑलिव्ह, द्राक्षें यांसारख्या दीर्घायु झाडांना तोडणीपूर्वीं तीन वर्षें वाट पाहावी लागते. या काळांत पीक घटण्याचा धोका असतो, मजुरी वाढते आणि भाव मात्र जुनाच मिळतो. सेंद्रिय शेतीचें सारें धैर्य या तीन वर्षांत लागतें, आणि येथेंच पाहुण्याचा पैसा घराला तारून नेतो.

जमिनीचा कस राखण्याची रीत पाहिली तर मराठी पाहुण्याला परकें असें फार थोडें वाटेल. शरदांत द्राक्षांच्या ओळींमध्यें बाकल्याच्या जातीचें कडधान्य आणि क्लोव्हर पेरतात, आणि वसंतांत तें फुलावर आलें कीं मातींत गाडतात. याला ‘सोवेशो’ म्हणतात. ताग किंवा धैंचा गाडण्याचीच ही जात. घरामागें शेणाचा आणि काडीकचऱ्याचा थरांवर थर रचलेला ढीग असतो. या ढिगाचें एक घराणें तर सरळ इंदूरला जातें. तेथें १९२४ सालीं स्थापन झालेल्या वनस्पतिसंशोधन संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं हिंदुस्थानांतील आणि चीनमधील शेतकऱ्यांच्या रिवाजांचा अभ्यास करून खत कुजविण्याची ‘इंदूर पद्धत’ बसविली, आणि १९३१ सालीं यशवंत वाड यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकांत ती जगापुढें मांडली. युरोपांतील सेंद्रिय शेतीच्या विचाराला हॉवर्ड यांच्या लिखाणानें मोठें पाठबळ दिलें. तस्कनींतल्या उकिरड्यापाशीं उभें राहून इंदूरची गोष्ट सांगणाऱ्याला यजमान निदान एक पेला अधिक देईल.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाहीं असा मात्र शहरी पाहुण्याचा समज असतो, आणि सकाळींच यजमान पंप घेऊन निघालेला पाहून तो दचकतो. द्राक्षावरील केवडा रोगाला सेंद्रिय शेतकऱ्याजवळ तांब्याच्या तोडीचा दुसरा उपाय अद्याप नाहीं. तांबें मातींत सांठून राहतें, म्हणून सात वर्षांत हेक्टरीं २८ किलो ही त्याची मर्यादा आहे. ऑलिव्हच्या फळांत अंडीं घालणाऱ्या माशीचें संकट याहून अवघड. तिच्यासाठीं आमिषाचे सांपळे टांगतात, फळांवर पांढऱ्या मातीचा लेप फवारतात, आणि कडक उन्हाळा पडावा अशी इच्छा करतात. २०१४ चा उन्हाळा ओला गेला, तेव्हां या माशीनें मध्य इटलींत असा कहर केला कीं कित्येकांनीं त्या वर्षीं तेल काढलेंच नाहीं. हीं दुःखें पाहुण्याला सांगणारा यजमान अधिक विश्वासाचा समजावा.

रात्रीं जेवण बहुधा एकाच लांब मेजावर असतें. तस्कनीचा पाव अळणी असतो. पहिल्या घासाला तो बेचव लागतो, आणि खारवलेल्या चीजबरोबर त्याचें मर्म कळतें. थंडीच्या दिवसांतला मुख्य पदार्थ ‘रिबोल्लिता’. शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळसर लांब पानांचा कोबी यांचें हें दाट सूप आदल्या दिवशीं करून दुसऱ्या दिवशीं पुन्हां उकळतात. नांवाचा अर्थहि तोच. शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणीला टाकणाऱ्या घरांतल्या मनुष्याला त्याची थोरवी समजावून सांगावी लागत नाहीं. शाकाहारी पाहुण्यानें मात्र आधींच सांगून ठेवावें, कारण अशा सूपांत डुकराच्या चरबीचा तुकडा घालण्याची चाल कित्येक घरांत आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाहीं. आणि फेब्रुवारींत ताजा टोमॅटो मागूं नये. उन्हाळ्यांत बाटल्यांत भरून ठेवलेला रस मिळेल.

या साऱ्या पाहुणचाराला एक कीड लागूं शकते, आणि ती माशीहून वाईट. एका रात्रीचें भाडें आणि एका डब्याच्या तेलाची किंमत यांची तुलना घरांतला मुलगा करूं लागतो. मग गोठ्याजागीं खोली होते तशी परसवाजागीं पोहण्याची टांकी होते, लग्नसमारंभांचीं कंत्राटें येतात, आणि द्राक्षांच्या ओळी पिकापेक्षां छायाचित्रासाठीं राखल्या जातात. कोष्टकांतले श्रमाचे दिवस कागदावर भरतां येतात. मुलाला दोष देण्याचा अधिकार शहरांतून आलेल्याला फारसा नाहीं, कारण टांकी मागणारा पाहुणाच असतो. त्यानें खोलीची चौकशी करतांना तेलाचीहि करावी: फळ कोणत्या जातीचें, तोडणी कधीं झाली, घाणा कोठें आहे. उत्तर संपतां संपेना झालें तर घर शेतकऱ्याचें आहे असें समजावें.

पाहुण्यांची गर्दी असते जुलै-ऑगस्टांत. शेताचा खरा उत्सव ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरांत होतो. झाडांखालीं जाळीं पसरतात, फांद्या विंचरल्याप्रमाणें फळें खालीं ओढतात, आणि तीं तापूं नयेत म्हणून शक्य तों त्याच दिवशीं घाण्यावर नेतात. शंभर किलो फळांचें बारा ते पंधरा किलो तेल निघतें. तेल २७ अंशांहून अधिक तापूं द्यावयाचें नाहीं म्हणून घाण्यावरचा माणूस यंत्रापुढून हलत नाहीं. पहिलें तेल हिरवेंगार आणि इतकें तिखट असतें कीं घशाला ठसका लागतो. भाजलेल्या पावाला लसूण घासून त्यावर तें ओततात. त्या दिवसांत खोल्या सहज मिळतात आणि भाडेंहि उतरलेलें असतें. जाणाऱ्यानें लोकरीचे कपडे न्यावे, कारण जाड दगडी भिंती लवकर तापत नाहींत. आणि जेवणाची घाई करूं नये, कारण यजमानाची घाण्यावरची पाळी मध्यरात्रींहि येते.