जहाज आलं, पण गावात मावणार किती?

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना जास्त आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आजचा विषय क्रूझ जहाजं. रील्स तुम्ही पाहिल्याच असतील. डेकवर स्विमिंग पूल, रात्री शो, तीन वेळा बुफे. 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीला निघालं. लांबी ३६५ मीटर, वीस डेक, पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी आणि वर २,३५० कर्मचारी. मिळून जवळपास दहा हजार माणसं. आपल्याकडे एवढ्या वस्तीला गाव म्हणायचं की शहर, यावर भांडण होईल.

पण आज जहाजाच्या आत काय असतं ते सांगायचं नाहीये. जहाज ज्या गावाला लागतं, त्या गावाचं काय होतं ते बघायचंय.

मी बॅकएंडवर काम करतो. माझा अर्धा दिवस एकाच प्रश्नात जातो: एका वेळी किती रिक्वेस्ट आल्या तर सिस्टिम आडवी होईल? त्यामुळे या विषयावर वाचायला लागलो तेव्हा मला तो ओळखीचाच वाटला. फरक एवढाच की आम्ही लोड वाढला की दहा मिनिटांत नवीन सर्व्हर उभे करतो. गावाला दहा मिनिटांत नवीन रस्ता, नवीन पाण्याची टाकी किंवा नवीन संडास उभे करता येत नाहीत.

चला, अलास्कात जाऊया. अमेरिकेच्या या राज्याची राजधानी आहे जूनो. राजधानी म्हटलं की आपल्याला मोठं शहर आठवतं, पण जूनोची लोकसंख्या आहे साधारण ३२ हजार. एका बाजूला डोंगर आणि हिमनद्या, दुसऱ्या बाजूला समुद्र. बाहेरून तिथे येणारा एकही रस्ता नाही. विमानाने या, नाहीतर बोटीने. आणि या ३२ हजारांच्या गावात २०२३ मध्ये क्रूझचे प्रवासी आले सोळा लाखांहून जास्त.

आता इथे पहिली गंमत. सोळा लाखांना ३६५ ने भागा. दिवसाला साधारण साडेचार हजार येतात. वाटतं, ठीक आहे की! पण क्रूझचा हंगाम असतो एप्रिल ते ऑक्टोबर. उरलेले महिने शून्य. आणि हंगामातही गर्दी सारखी नसते. एखाद्या दिवशी दोन जहाजं, एखाद्या दिवशी पाच, आणि त्यातली काही एकेकटी चार हजार प्रवाशांची. आमच्या क्षेत्रात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात: सरासरीवर विश्वास ठेवू नका, पीक बघा. सर्व्हर सरासरीने पडत नाही. गावही सरासरीने घुसमटत नाही, ते मंगळवारी सकाळी दहा वाजता घुसमटतं.

पीक म्हणजे किती, ते आपल्या मापात सांगतो. पुण्याची लोकसंख्या सत्तर लाख धरा. कल्पना करा, रोज सकाळी पस्तीस लाख पाहुणे लक्ष्मी रोडवर उतरतायत आणि संध्याकाळी परत जातायत. जूनोचं गर्दीच्या दिवसाचं प्रमाण हे असं आहे. फुटपाथ भरतो, हिमनदी बघायला जाणारा रस्ता भरतो, डोक्यावर हेलिकॉप्टरच्या फेऱ्या सुरू होतात. आणि तुम्हाला पटकन समजेल अशी तक्रार म्हणजे मोबाईलचं नेट. जहाजं लागली की एवढे फोन एकदम टॉवरला जोडले जातात की स्थानिकांचं नेट रांगायला लागतं. सोळा लाख हा आकडा वर्षाच्या अहवालात छान दिसतो, पण यातलं काहीच त्यात दिसत नाही.

मग लिमिट लावा ना! बरोबर, गावांनी लावली. पण लिमिट कशात मोजायची, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही.

जूनोने आधी जहाजं मोजली. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेशी करार केला आणि २०२४ पासून दिवसाला जास्तीत जास्त पाच मोठी जहाजं असं ठरलं. झालं काय, तर कंपन्या जहाजांचा आकारच वाढवत चालल्यात. पाच जहाजं दहा हजारांचीही असू शकतात आणि वीस हजारांचीही. म्हणून २०२४ मध्ये दुसरा करार झाला, २०२६ च्या हंगामापासूनचा: रविवार ते शुक्रवार दिवसाला १६,००० लोअर बर्थ, शनिवारी १२,०००.

थांबा. लोअर बर्थ म्हणजे आजी-आजोबांसाठी आपण रेल्वेत मागतो तो नव्हे. क्रूझच्या भाषेत एका खोलीत दोन माणसं धरून जो आकडा येतो तो. खोलीत मुलांसाठी वरचे पलंग असतील तर ती मुलं या आकड्यात येतच नाहीत. म्हणजे १६,००० लोअर बर्थ म्हणजे १६,००० माणसं असंही नाही. सुट्टीत कुटुंबं आली की प्रत्यक्षात जास्त होतात. करार वाचताना आकड्याआधी एकक वाचायचं, ते यासाठी.

व्हेनिसमध्ये वेगळं मोजमाप. तिथे २ जून २०१९ रोजी 'एमएससी ऑपेरा' हे जहाज ज्युडेका कालव्यात धक्क्यावर आणि शेजारी उभ्या असलेल्या पर्यटक बोटीवर आदळलं, माणसं जखमी झाली. वाद आधीपासूनच चालू होता. अखेर इटलीच्या सरकारने १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनेजच्या वरच्या जहाजांना सॅन मार्कोसमोरून जायला बंदी केली. ग्रॉस टनेज हे वजन नाही, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप आहे. यामुळे चौकासमोरून इमारतीएवढी जहाजं जाणं थांबलं, पाण्याला आणि जुन्या पायांना बसणारा त्रास कमी झाला. पण मोठी जहाजं पलीकडे मार्गेराच्या औद्योगिक बंदराकडे वळवली गेली. तिथून बस किंवा बोटीने माणसं व्हेनिसमध्ये येऊ शकतातच. जहाज मोजलं की जहाज अडतं. माणूस अडत नाही.

ग्रीसच्या सँटोरिनीने माणसं मोजली. बेट आहे साधारण पंधरा हजार वस्तीचं. जुन्या बंदरात उतरलं की वर गावात जायला केबल कार, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या, नाहीतर गाढव. २०२४ च्या जुलैमध्ये एका दिवशी क्रूझचे अकरा हजार प्रवासी आले. २०२५ पासून मर्यादा आली दिवसाला ८,०००.

आणि सगळ्यात कडक मोजमाप अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बार हार्बरचं. वस्ती पाच हजार. पूर्वी तिथे ऐन हंगामात दिवसाला साडेपाच हजार प्रवाशांपर्यंत मुभा होती, म्हणजे गावापेक्षा पाहुणे जास्त. नोव्हेंबर २०२२ मध्ये गावकऱ्यांनी स्वतः मागणी करून मतदान घेतलं आणि ठरवलं: जहाजातून दिवसाला हजार माणसं उतरतील, बास. जहाज केवढंही असो, पाय जमिनीला लागलेली माणसं मोजायची. मला विचाराल तर हेच सगळ्यात स्वच्छ एकक.

पण म्हणून तिथे शांतता झाली का? नाही. स्थानिक व्यावसायिकच कोर्टात गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये संघीय न्यायालयाने गावाचा नियम बऱ्याच अंशी मान्य केला. त्याच नोव्हेंबरात नियम बदलायचा प्रस्ताव मतदानाला आला आणि अगदी थोड्या मतांनी पडला. कोर्टकज्जे त्यानंतरही चालू राहिले.

इथे मी दुकानदारांना खलनायक करणार नाही. २०२० मध्ये कोविडमुळे जूनोला एकही मोठं जहाज आलं नाही. ज्यांचं वर्षाचं उत्पन्न त्या सहा महिन्यांवर उभं आहे, त्यांना ते वर्ष विचारून बघा. म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये जूनोत 'शनिवारी जहाजं नकोत' यावर मतदान झालं, तेव्हा लोकांनी तो प्रस्ताव स्पष्ट बहुमताने फेटाळला. गर्दीने वैतागलेला माणूस आणि त्या गर्दीवर पोट असलेला माणूस शेजारी राहतात. कधीकधी तर एकाच घरात राहतात.

पैशाचं गणितही वेगळंच आहे. प्रवाशाचा पलंग जहाजावर, नाश्ता आणि रात्रीचं जेवणही जहाजावर, आणि त्याचे पैसे आधीच भरलेले. गावात तो काही तासच असतो. जी सहल करतो, ती बरेचदा जहाजावरच विकत घेतलेली असते, म्हणजे कंपनीचा वाटा आधीच कापला जातो. उरतं काय? कॉफी, टी-शर्ट, एखादी अंगठी. जूनोत धक्क्याजवळच्या रस्त्यावर दागिन्यांची दुकानं ओळीने आहेत आणि त्यातली बरीच हंगाम संपला की बंद होतात.

मग गाव प्रवाशामागे शुल्क घेतं. तिथेही मेख आहे. जूनोने या पैशातून समुद्राकाठचा रस्ता आणि एका भल्यामोठ्या देवमाशाच्या पुतळ्याभोवतीची बाग केली. २०१६ मध्ये क्रूझ कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की शुल्क घ्या, पण ते जहाजाला मिळणाऱ्या सेवांवरच खर्च करा. पुढे २०१९ मध्ये तडजोड झाली. थोडक्यात, त्रास गावभर पसरतो, पण भरपाईचा पैसा गावभर मोकळेपणाने वापरता येत नाही.

आता शेवटचा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न: लिमिट लावणार कोण?

फ्लोरिडाच्या टोकाला की वेस्ट नावाचं बेट-शहर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या लोकांनी मोठ्या बहुमताने ठरवलं की दिवसाला १,५०० प्रवासीच उतरतील आणि मोठी जहाजं येणारच नाहीत. पुढच्याच वर्षी फ्लोरिडा राज्याने कायदा करून ते मतदान निकालात काढलं. लोकांनी मत दिलं आणि वरच्यांनी ते पुसलं. 

जूनोने कंपन्यांशी बसून करार केला. मर्यादा सैल मिळाली, पण मिळाली. बार हार्बरने मतदान केलं. मर्यादा कडक मिळाली, पण वर्षानुवर्षं कोर्ट. की वेस्टनेही मतदान केलं आणि राज्याने ते निकालात काढलं. तिन्हीकडे एक गोष्ट सारखी: धक्के आधी बांधले, दुकानं आधी उभी राहिली, सवय आधी लागली, आणि 'किती' हा प्रश्न नंतर विचारला. चालू सिस्टिमवर नंतर लिमिट लावायला गेलं की प्रत्येक जण म्हणतो, माझी रिक्वेस्ट का अडवली? गावांचं तेच झालं. शिवाय जहाज उद्या दुसऱ्या बंदराला जाऊ शकतं. गाव कुठे जाणार?

हे आपल्याशी कुठे जोडलेलं आहे ते सांगतो आणि थांबतो. मुंबईत बॅलार्ड पियरला नवीन आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. एका वेळी पाच जहाजं, वर्षाला दहा लाख प्रवासी अशी त्याची क्षमता सांगितली जाते. मुंबईला पाच जहाजांनी फरक पडत नाही, तेवढी माणसं थोड्याच लोकलमधून उतरतात. पण जहाज मुंबईत राहायला येत नाही, ते तिथून कुठेतरी जातं. मुंबईहून निघालेल्या कॉर्डेलियाच्या काही सफरी लक्षद्वीपला, अगत्ती बेटावर गेल्या आहेत. त्यात आपलीच मराठी कुटुंबं असतात. जहाजाची क्षमता अठराशेच्या आसपास, आणि अगत्तीची वस्ती २०११ च्या जनगणनेत साधारण साडेसात हजार. प्रवाळाचं चिंचोळं बेट. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर, तेवढाच. म्हणून तिथे समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प लावावा लागलाय.

माझा शाळेतला एक मित्र मालवणकडचा आहे, गेली काही वर्षं परदेशी जहाजांवर काम करतो. त्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या गावाला असं जहाज लागलं ना, तर पहिल्या वर्षी लोक हार घेऊन धक्क्यावर जातील आणि तिसऱ्या वर्षी टँकरसाठी भांडतील. आणि जहाज बंद करा असं कोणीच म्हणणार नाही, कारण तोवर प्रत्येकाच्या घरातल्या कोणाचं तरी पोट त्यावर असेल." जूनोचं आख्खं प्रकरण त्याने दोन वाक्यांत मांडलं.

क्रूझने जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. मलाही एकदा जायचंय. पण यापुढे कोकणातल्या, गोव्यातल्या किंवा लक्षद्वीपच्या एखाद्या बंदराबद्दल 'वर्षाला इतके लाख पर्यटक येणार' अशी बातमी फोनवर आली, तर ती फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. एका दिवसात जास्तीत जास्त किती? मोजणार काय, जहाजं की माणसं? आणि तो आकडा ठरवताना गावातलं कोण खोलीत होतं? धक्क्याचं काँक्रीट ओलं आहे तोवर हे प्रश्न ग्रामसभेतही विचारता येतात. ते वाळलं की कोर्टात विचारावे लागतात.

तुमच्या गावात सुट्टीच्या दिवशी काय होतं, पार्किंग, पाणी, नेट, कचरा, जे असेल ते, आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. आकड्यांसकट पाठवलंत तर फारच छान. पुढच्या भागात भेटूया. तोवर काळजी घ्या!