बेंबीतील गाठ आणि आतड्याचा कर्करोग
(नामपूर, ता. बागलाण, जि. नाशिक येथील भाषण)



मोसम खोऱ्यातील या गावी मी आज एका विरळ लक्षणाविषयी बोलणार आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरतो तो प्रामुख्याने यकृतात व फुप्फुसांत. फार थोड्या रुग्णांत तो त्वचेतही उतरतो. बहुधा पोटावर, जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणात किंवा बेंबीत.

बेंबीतील अशा गाठीला एका परिचारिकेचे नाव आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे सिस्टर मेरी जोसेफ या शल्यचिकित्सक विल्यम मेयो यांच्या साहाय्यक होत्या. शस्त्रक्रियेपूर्वी पोट स्वच्छ करताना काहींच्या बेंबीत टणक गाठ हाताला लागते आणि त्यांच्या पोटात कर्करोग पसरलेला आढळतो, हे त्यांनी हेरले. मेयो यांनी १९२८ मध्ये ते प्रसिद्ध केले आणि १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली यांनी गाठीला सिस्टरांचे नाव दिले. सिस्टर १९३९ मध्येच निवर्तल्या होत्या. जे मोठमोठ्यांच्या नजरेतून सुटले, ते रुग्णाला रोज हात लावणाऱ्या बाईला दिसले. आपल्याकडे तो हात आशाताईंचा असतो, नाहीतर घरच्या सुनेचा.

ही गाठ टणक, बहुधा न दुखणारी, त्वचेच्याच रंगाची किंवा लालसर-जांभळट असते. ती आठवड्या-आठवड्याने वाढते; कधी फुटून वाहते. दुखत नाही म्हणून रुग्ण गप्प बसतो आणि फुटली की गळू समजून लेप लावतो, क्वचित डागूनही घेतो. तेवढ्यात महिने निघून जातात. शौचावाटे रक्त पडते ते मूळव्याधीचेच, असे धरून चालणाऱ्यांचेही असेच होते.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही तितकेच खरे. टाक्याच्या दोऱ्याभोवती गाठ धरते, चरबीची गाठ असते, बेंबीचा हर्निया असतो. नुसत्या नजरेने निर्णय देऊ नये, डॉक्टरांनीही नाही. सुईने पेशी काढून किंवा लहान तुकडा घेऊन तपासणी केली म्हणजे निदान होते.

ही गाठ बहुधा रोग पसरल्याची खूण असते, हे मी लपवीत नाही. तरीही औषधोपचाराने रोग काही काळ आटोक्यात ठेवता येतो, वेदना कमी करता येतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रुग्णाला पाठविताना शस्त्रक्रियेचे जुने कागद आणि तुकडा तपासणीचा अहवाल त्याच्यासोबत द्यावा.