खिडकी जलद असावी, किल्ली आपल्याकडे असावी
(सांगली येथील कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आपल्या कुटुंबांच्या नोंदी वहीतून मोबाईलवर आणायच्या आहेत. त्यासाठी फ्रीलान्स डेव्हलपर, म्हणजे कामापुरता नेमलेला प्रोग्रॅमर, घ्यायचा आहे. त्याच्याकडून जे करून घ्यायचे त्याला बॅकएंड एपीआय म्हणतात. नाव अवघड असले तरी काम तहसील कचेरीतील रेकॉर्डच्या खिडकीसारखे आहे. बाहेरून मोबाईल मागणी करतो, आतून हवा तेवढाच कागद मिळतो.

ही खिडकी जलद का हवी? साताऱ्याच्या डोंगरातले कातकरी कुटुंब कोळसा पाडायला किंवा वीटभट्टीवर जाते. आपली ताई तिथे पोचते तेव्हा मोबाईलला रेंजची एकच काडी असते. बाळाला कोणती लस झाली हे तिथल्या तिथे कळले तर उपयोग. पडद्यावर चक्र फिरत राहिले की आई कामाला निघून जाते.

म्हणून करारात नुसते ‘फास्ट’ लिहू नका, मोजमाप लिहा. पन्नास जण एकदम वापरत असताना शंभरातल्या पंचाण्णव मागण्यांना सर्व्हरने अर्ध्या सेकंदात उत्तर द्यावे, असे. मग त्याला विचारा : डेटाबेसला इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, कशावर करणार? पाचशे नावे एकदम पाठवणार की वीस-वीस? रेंज गेली तर नोंद मोबाईलमध्ये राहून नंतर जाईल का? तीच नोंद दोनदा गेली तर एकच धरली जाईल का? ज्याला हे साध्या मराठीत सांगता येते, त्याला एक आठवड्याचे छोटे काम मोबदला देऊन करायला द्या. ते पाहून मगच निवड करा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, प्रत्येक टप्पा आपल्या ताईंनी गावात वापरून पाहिल्यावर. बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. सर्व्हरचे मासिक भाडे आणि पुढची दुरुस्ती हाही त्याच खर्चाचा भाग.

आता कायद्याचे. पैसे दिले म्हणून कोड आपला होत नाही. बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा कॉपीराइट साधारणपणे त्याचाच राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी सहीनेच हस्तांतरित होतो, आणि मुदत लिहिली नाही तर तो पाचच वर्षांचा धरला जातो. तेव्हा ‘कायमस्वरूपी’ हा शब्द विसरू नका. सर्व्हरचे खाते, डोमेन आणि कोडचे भांडार पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावावर असावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट माहितीची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांची नावे जमातीवरून सरकारी नोंदवहीत चढवली आणि त्यांना हजेरी द्यायला लावली. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. १९५२ मध्ये तो रद्द झाला, तरी पारध्याच्या पालाकडे पाहणारी संशयाची नजर गेलेली नाही. नाव, जमात, सध्याचा मुक्काम अशी यादी आपणही करतो आहोत. आपला हेतू चांगला आहे, पण चुकीच्या हाती पडलेली यादी हेतू विचारत नाही.

यासाठी डेव्हलपरला चाचणीकरता बनावट नावेच द्यायची, खरी नाहीत. कोणी कोणती नोंद पाहिली हे यंत्रणेत उमटले पाहिजे. काम संपताच त्याचा प्रवेश बंद. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार काम बाहेर दिले तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेचीच असते, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. ती संमती त्यांना समजेल अशा बोलीत घ्या, नुसता अंगठा नको.

मोजमाप, हक्काचा कागद आणि माहितीची हमी, या तिन्हींवर सही झाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये, एवढी विनंती करून थांबते.